राजाचं डोकं आणि बाकीचा कागद

दिवाळीत तुमसरला गेलो होतो. माळा आवरताना आजोबांची पत्र्याची पेटी सापडली. ते तांदळाच्या एका व्यापाऱ्याकडे मुनीम होते. आत सुतळीने बांधलेला गठ्ठा, इंपीरियल बँकेचे काही चेक आणि राजाचा छाप असलेल्या हुंड्या.

"काय करून राहिला बाप्पा त्या रद्दीचं?" इति आई.

इंपीरियल बँक 1921 साली तीन प्रेसिडेन्सी बँका मिळून झाली, 1955 साली तिचीच स्टेट बँक झाली. चेकवरची तारीख वाळवीने खाल्ली असली तरी एक आण्याचा स्टॅम्प दिसला की समजायचं, 1927 च्या आधीचा. त्या वर्षी चेकवरची स्टॅम्प ड्युटी रद्द झाली.

पण खरी मजा हुंडीत! ओळखीच्या एका काकांनी वाचून दाखवली. रक्कम नुसती लिहून भागत नाही. रुपये 500, त्याचे निमे 250, त्याची दुप्पट, असं सगळं लिहायचं. म्हणजे कुणी नंतर एक शून्य वाढवलं तरी निमे जुळणार नाहीत. च्यायला, हा तर चेकसम! हुंडी हरवली तर पैठ, पैठ हरवली तर परपैठ. बॅकअपचाही बॅकअप. आणि पैसे चुकते झालेली, रद्द केलेली हुंडी म्हणजे खोखा.

नागपुरातल्या एका विक्रेत्याला फोटो दाखवले. तो म्हणाला, "नुसता राजाचा छाप कापून द्या, बाकीचा कागद कोणी घेत नाही." हल्ली हेच चाललंय. स्टॅम्प जमवणारे डोकं कापून अल्बममध्ये लावतात आणि माणसांची नावं, गावं, रकमा कचऱ्यात जातात. मला हे अजिबात पटत नाही. अहो, हौस करा, विकतही घ्या. पण कापू नका आणि गठ्ठा फोडू नका. कुठली हुंडी कुठल्या चेकसोबत बांधली होती, हीसुद्धा माहितीच आहे. सुतळी सोडण्याआधी क्रम लिहून ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. (पाठीमागे कोणी कोणाला हुंडी दिली त्याचे शेरे असतात.)

असो. मी विकलं नाही. आमच्या गठ्ठ्यातल्या सगळ्या हुंड्या खोखा झालेल्या आहेत, एक सोडून. तिच्यावर भरणा झाल्याची खूण नाही. लिहून देणाऱ्याचं आडनाव काकांनी वाचलं आणि आई गप्पच झाली. ते घर अजून आमच्याच गल्लीत आहे, दिवाळीचा फराळ त्यांच्याकडून येतो.

त्या हुंडीचा फोटो इथे टाकत नाहीये.