अवचित आलेला पैसा आणि नगावरचे काम
सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतून येऊन स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांत, पुरुष यंत्रमागावर निघून गेल्यानंतर घरातील स्त्रिया साड्यांना लेस लावण्याचे, खडे चिकटविण्याचे आणि सुटे धागे कापण्याचे काम नगावर करीत असतात. या कामाची ना हजेरीपटावर नोंद होते, ना दराचा कसला लेखी करार असतो. अशा घरात वडिलार्जित जमिनीच्या वाटणीतून वा सरकारी अनुदानातून अवचित रक्कम आली, तर बाई काम सोडून बसेल, ही शंका, महाराष्ट्रात जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये लागू झाल्यापासून, वारंवार बोलून दाखविली जाते. (तो हप्ता महाराष्ट्रातील नवापूरच्या बहिणीस मिळतो, सुरतेत वास्तव्य असलेल्या तिच्या सख्ख्या बहिणीस मिळत नाही.)

माझ्या मते या शंकेचा रोखच चुकीचा आहे. दिवसभराचा स्वयंपाक, पाणी आणि मुलांचे संगोपन उरकून रात्री मंद उजेडात डोळे शिणवणारी बाई, हाती चार पैसे आल्यावर काम देणाऱ्या शेठने सांगितलेला दर नाकारू शकली, तर तो आळस नव्हे. घासाघीस करण्याचे जे सामर्थ्य तिला आजवर कधी लाभले नव्हते, ते प्रथमच तिच्या पदरी पडले, असेच म्हणावे लागेल. मध्य प्रदेशात २०११ पासून ‘सेवा’ या संस्थेने युनिसेफच्या साहाय्याने काही गावांतील प्रत्येक व्यक्तीस विनाअट मासिक रक्कम दिली, तेव्हा लोकांनी काम टाकले नाही. दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून ते स्वतःच्या शेतीकडे व लहानशा उद्योगाकडे वळले.

तथापि रक्कम कोणाच्या नावे जमा होते, हा प्रश्न मला रकमेच्या आकाराहून अधिक महत्त्वाचा वाटतो. मध्य प्रदेशातच झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रोजगार हमीची मजुरी स्त्रियांच्या स्वतःच्या खात्यात जमा करण्याची तजवीज करून त्यांना खाते वापरण्याचे शिक्षण दिले असता, त्या अधिक काम करू लागल्या, आणि ज्यांच्यावर घरची बंधने कडक होती त्यांच्यात हा फरक विशेष दिसला. याउलट २०१४ च्या दिवाळीत सुरतेच्या एका हिरे कंपनीने आपल्या कामगारांना मोटारी, सदनिका व दागिने दिले, तेव्हा देशभर कौतुक झाले. परंतु हिरे घासण्याच्या चाकांवर बसणारे बहुतांशी पुरुषच, आणि नवऱ्याच्या नावावर आलेल्या अशा संपत्तीमुळे पत्नीचे नगावरचे काम थांबले, तर तो निर्णय तिचा होता की तिच्यासाठी घेतला गेला, हे कोणत्याही दप्तरात लिहिलेले सापडणार नाही.

म्हणून घरबसल्या काम करणाऱ्या या स्त्रियांची नोंद महापालिकेने वॉर्डनिहाय करावी, नगाचा दर व्यापाऱ्याने कागदावर लिहून द्यावा, आणि मजुरी तिच्याच खात्यात जावी. एवढे झाले, की अवचित पैसा आल्यावर काम ठेवायचे की सोडायचे, हे तिला तिच्याच जमाखर्चावरून ठरवता येईल.