बिबट्या पकडून नेला, तरी प्रश्न शिवारातच राहतो

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत बिबट्या आता डोंगरातला राहिला नाही, उसातला झालाय. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन जीव गेले. त्यात दोन लेकरं होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला आणि शेवटी बिबट्याला गोळी घालावी लागली. लोकांचा राग रास्तच होता. पण गोळी आणि पिंजऱ्याने हा प्रश्न मिटेल का, हे थंड डोक्याने बघायला हवं.

आधी बिबट्या इथं टिकला कसा ते पाहू. कुकडीचं पाणी आलं, जिरायती रानात ऊस उभा राहिला. आडसाली ऊस दीड वर्ष रानात असतो. मादीला आडोसा, पाटाला पाणी, वस्तीवर कुत्री-शेळ्या. उसात जन्मलेल्या पिल्लाचं घर म्हणजे ऊसच. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ मोठे बिबटे आढळले, आणि त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला.

"सगळे पकडा आणि लांब सोडा" ही मागणी प्रत्येक सभेत होते. हा प्रयोग जुन्नरनं आधीच भोगलाय. १९९३ ते २००१ मध्ये माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे. मग पकडलेले बिबटे जंगलात नेऊन सोडायला सुरुवात झाली आणि आकडा वर्षाला १७ वर गेला. कारण सरळ आहे. एक नेला की त्याची जागा दुसरा घेतो, आणि अनोळखी मुलखात सोडलेला बिथरून वस्तीकडं भटकतो. माणसावर चटावलेला बिबट्या हटवलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण दिसेल तो पकडणं हा वेगळा विषय आहे.

मग करायचं काय? पहिली गोष्ट वीज. थ्रीफेज रात्री मिळते म्हणून शेतकरी अंधारात दारं धरायला जातो. खाली वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटतच नाही. म्हणून दिवसा वीज ही नुसती सोयीची मागणी नाही, जिवाची आहे. भरपाई २५ लाख झाली, पण गेलेला माणूस त्यानं येत नाही.

दुसरी गोष्ट ऊसतोड मजुरांची. त्यांच्या कोप्या उसाच्या कडेलाच पडतात, लेकरं उघड्यावर झोपतात. कारखान्यानं त्यांना गावाजवळ, उजेडाची जागा दिली पाहिजे. हे कुणी मागत नाही, कारण त्यांचं मत इथं नसतं.

तिसरी गोष्ट आपल्या हातातली. गोठा चारी बाजूंनी आणि वरून जाळीबंद करा. मटण-चिकनचा कचरा गावाबाहेर फेकू नका, त्यावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या येतो. घराला लागून ऊस लावू नका. संध्याकाळनंतर लेकरू एकटं सोडू नका. तोडणीत पिल्लं सापडली तर फोटोसाठी उचलू नका, वनखात्याला कळवा. पिल्लं न सापडलेली मादी जास्त धोक्याची असते.

येत्या ग्रामसभेत पिंजऱ्याचा ठराव जरूर करा. पण त्याच कागदावर दिवसा विजेचा आणि कोप्यांच्या जागेचा ठराव घ्या. एक बिबट्या गेल्यावर पिंजरा रिकामा होतो, रात्रीची पाळी मात्र तशीच राहते.