गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत ऐका

आम्ही शहापूरची माणसं. थोडे गाणारे, थोडे वाजवणारे, बहुतेक नुसते ऐकणारे. नागपूर-भंडारा हमरस्त्यानं जाणाऱ्याला आमचं गाव म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजची पाटी आणि रस्त्याकडेच्या चहाटपऱ्या, एवढंच दिसतं. पण संध्याकाळी त्या टपऱ्यांवर बसून बघा. खडी गंमत या लोकनाट्यात उमर घालवलेला ढोलकीवाला, भीमजयंतीला रात्र जागवणारा गायक, गुरुदेव सेवा मंडळात खंजिरी वाजवणारे काका आणि मोबाईलवर बीट लावून झाडीबोलीत रॅप लिहिणारा पोट्टा एकाच बाकावर चहा पितात. एकमेकांचं गाणं मात्र त्यांनी क्वचितच पुरतं ऐकलेलं असतं. आजपासून ते ऐकायचं, यासाठी ही चळवळ आम्ही सुरू करत आहोत.

स्वतः लिहायचं, स्वतः चाल बांधायची आणि कोणत्याही कंपनीची वाट न बघता लोकांपुढे उभं राहायचं, याला शहरात इंडी म्युझिक म्हणतात. मुंबईत १९८६ साली इंडिपेंडन्स रॉक हा संगीत महोत्सव सुरू झाला, पुण्यात २०१० साली एनएच सेव्हन वीकेंडर. त्यांनी आपापल्या पिढीला मंच दिला, त्याचा आम्हाला आदर आहे. पण भंडारा जिल्ह्याचे शाहीर हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दंडार होते, आणि दुय्यम खडी गंमत असली की दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहतात. एकीनं सवाल टाकायचा, दुसरीनं त्याच दमात जवाब बांधायचा, असं पहाटेपर्यंत. ती कवनं कुठल्या स्टुडिओत झालेली नाहीत. धानाच्या बांधावर बसून लिहिलेली आहेत, शाळेच्या जुन्या वहीत.

या कवनांची एक रीत आहे आणि आमची सगळी मागणी तिच्यातूनच निघते. कवन संपत आलं की ढोलकी जराशी खाली येते. शाहीर गुरूचं नाव घेतो, गावाचं घेतो, मग शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव गुंफतो. तुकडोजी महाराजांच्या भजनात शेवटी ‘तुकड्या’ येतो, वामनदादा कर्डकांच्या गीतात ‘वामन’. दूरदूरच्या वस्त्यांत ही गाणी पोचली, तरी ती कुणाची हे लोकांना ठाऊक राहिलं, ते या एका ओळीमुळे. आज मोबाईलवर गाण्याचा तीस सेकंदांचा तुकडा फिरतो. त्यात मुखडा असतो, ठेका असतो, नाचही असतो. नावाची ओळ नसते. मग तोच मुखडा वरातीच्या डीजेवर वाजतो आणि कुणीतरी खाली ‘पारंपरिक’ असं लिहून टाकतं. लिहिणारा जिवंत असतो, आपल्याच गावात धानाच्या रोवण्याला मजुरी करत असतो.

हे आम्हाला सहन होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं गीत लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि नंतरची ६० वर्षं राखला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटाही पक्का केला. पण गाण्यावरचं नावच पुसलं गेलं तर त्या शाहिराकडे कायदा येणार कुठून? म्हणून आमचं पहिलं काम वह्यांचं. घराघरातल्या वह्या मालकाच्या परवानगीनं उतरवून घ्यायच्या, प्रत्येक कवनापुढे नाव, गाव, साल लिहायचं, आणि मूळ वही त्याच दिवशी परत द्यायची. रेकॉर्डिंग केलं तर पूर्ण करायचं, आणि शेवटचं कडवं कापलेली क्लिप आमच्यापैकी कुणीही पुढे पाठवणार नाही.

दुसरं काम गाण्याच्या बैठकीचं, दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. मोठा मंडप नको, नेत्याचा बॅनर नको, सत्कारांत तास घालवायचा नाही. पाच गाणारे, प्रत्येकाची स्वतःची रचना, आणि रॅपनंतर लगेच भजन, भजनानंतर भीमगीत. एकाच पंथाच्या, एकाच जातीच्या, एकाच वयाच्या लोकांची बैठक आम्हाला नको. बोली सुधारून गायला कुणी सांगणार नाही. डोळ्याला डोरा म्हणणाऱ्यानं माइकसमोरही डोराच म्हणावं. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिच्यासाठी जे कष्ट उपसले, त्यांची आम्हाला जाण आहे. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद. तो कायदाच आहे, आणि पलीकडच्या घरी दहावीचं पोरगं अभ्यासाला बसलेलं असतं हेही आहेच. दहानंतर ज्यांना गायचं आहे त्यांनी आत, दार लावून, माइकविना गावं. खरं तर गळा तेव्हाच कळतो.

बायांबद्दल आम्हाला जास्त बोलायचं आहे. खडी गंमतीत बाईचं सोंग पुरुषानं घ्यायचं, ही जुनी चाल. नाच्याच्या कलेला आम्ही कमी लेखत नाही. पण चिखलात रोवणा करताना ज्या बाया तासन्‌तास गातात, त्यांच्या गाण्याला मंचावर जागाच मिळाली नाही. बैठकीतल्या पाचांपैकी दोन जागा त्यांच्या. संध्याकाळचा स्वयंपाक आटोपल्याशिवाय त्यांना निघता येत नसेल तर बैठक उशिरा सुरू होईल, किंवा त्या दिवशी घरचे पुरुष चूल सांभाळतील. आम्हाला दुसरा उपाय अधिक पटतो.

बिदागी प्रत्येकाला मिळेल, थोडी असली तरी त्याच रात्री, रोख. वर्गणीचा हिशेब दुसऱ्या दिवशी टपरीच्या फळ्यावर लागेल. कॉलेजात बाहेरगावाहून आलेल्या मुलामुलींनी यावं, जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीतल्या कामगारांनी ड्यूटी सुटल्यावर यावं. येताना आपलं एक गाणं आणा, आणि ते तुम्ही लिहिलेलं नसेल तर ज्यानं लिहिलं त्याचं नाव आधी सांगा.