खिळ्यावरची माळ

आमच्या आळीतल्या एका काकांच्या दाराआड एक खिळा होता. संध्याकाळी सात वाजले की काका गळ्यातली तुळशीची माळ काढून त्याला अडकवत, गुत्त्यावर जाऊन येत आणि सकाळी आंघोळ झाली की ती पुन्हा घालत. माळ घालून पिणं पाप, म्हणून ही सोय. दर आषाढीला पंढरपुरात नवी शपथ होई आणि पौर्णिमेच्या आत ती मोडे.

काकांवरून आळीत दोन पक्ष पडले होते. एकाचं म्हणणं, यांची श्रद्धाच लटकी. मनापासून शरण गेले असते तर थेंबाला शिवले नसते. दुसऱ्याचं म्हणणं, देव हीसुद्धा एक गुंगीच, जबाबदारी झटकायची पळवाट. एक बाटली टाकून दुसरी धरण्यात काय हशील? मला दोन्ही पक्ष अमान्य आहेत.

पहिला पक्ष अज्ञानातून बोलतो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली की हात कापतात, झोप उडते, कुणाला फिट येते. दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन भिंतीवर किडे दिसू लागतात. वेळीच उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. तिथे अंगारा कामाचा नाही. डॉक्टर हवा, गोळ्या हव्यात, ब-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन हवं. अशा वेळी ‘नुसतं नाम घे’ म्हणणारा भक्त नव्हे, तो जिवाशी खेळतो.

राहिली शपथ. पिणाऱ्याइतक्या शपथा जगात कुणी घेत नसेल. पोराच्या डोक्यावर हात ठेवून, आईच्या फोटोपुढे उभं राहून. ‘आज शेवटची’, ‘सोमवारपासून बंद’, ‘एवढं लग्न पार पडू दे’. व्यसन सदा घासाघीस करत असतं. पिणारा देवापुढे उभा राहिला तरी हेच करतो : ‘नोकरी वाचव, अकरा शनिवार करीन.’ असा नवस व्यसनावरचा उतारा कसा होईल? ते व्यसनच सोवळं नेसून देवळात आलेलं असतं.

आता दुसरा पक्ष. देवाच्या नावावर जबाबदारी झटकता येते, हे त्यांचं निरीक्षण खरं. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअरदलाल आणि एक सर्जन, दोघेही अट्टल पिणारे, एकमेकांना भेटले आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली. १९३९ साली त्यांच्या बारा पायऱ्या छापल्या गेल्या, तेव्हा त्यांच्यातल्या नास्तिकांनी आग्रह धरल्यामुळे देव ‘ज्याला जसा उमगला तसा’ ठेवला गेला. २०२० साली वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यास, १० हजारांहून अधिक माणसं, असा आढावा घेतला. सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत या वाटेची नीट ओळख करून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीचे, काही ठिकाणी सरस ठरले. यातून देव सिद्ध होत नाही. श्रेय प्रार्थनेचं किती आणि सोबतीचं किती, हेही ठरत नाही. पण ही पळवाट आहे, हा आरोप मात्र गळून पडतो.

कारण इथे शरण गेल्यावर सुटका होत नाही, काम लागतं. आपल्या चुकांचा हिशेब मांडायचा, तो दुसऱ्या माणसापुढे उघड करायचा, ज्यांना दुखावलं त्यांची यादी करायची आणि शक्य तिथे भरपाई करायची. अकराव्या पायरीवर प्रार्थना येते, तीही नोकरी किंवा पैसा मागत नाही. देवाची इच्छा कळावी आणि ती पार पाडायला बळ मिळावं, एवढंच मागते. घासाघीस इथे संपते.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. गाडगेबाबांचे वडील दारूपायी गेले. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून बाबांनी गोड जेवण घातलं. पुढे कीर्तनात त्यांनी दारूवर जसा हल्ला चढवला, तसाच देवापुढे कोंबडी-बकरी कापण्यावरही. म्हणून त्यांनी देव टाकला नाही. त्याच्याशी चाललेला व्यवहार तेवढा मोडला.

काका अखेर व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या सभेला जाऊ लागले. वाण्याची बुडवलेली उधारी आठवड्याला पन्नास रुपयांनी फेडू लागले. वाणी हसायचा, तरी. सात महिन्यांनी स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्याले. मला त्यांनीच सांगितलं : ‘‘त्या दिवशी माळ काढायला हात गेला, पण काढली नाही. गळ्यात ठेवूनच प्यालो.’’

आळीतल्या भाविकांनी कानांवर हात ठेवले. मला मात्र त्यात काकांची पहिली खरी प्रार्थना दिसते. इतकी वर्षं ते देवाला दाराआड टांगून जात होते. त्या रात्री त्याला सोबत नेलं. दुसऱ्या संध्याकाळी ते सभेत उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘काल प्यालो.’’ मग बसले, आणि पुन्हा एकपासून दिवस मोजू लागले.