शेवटच्या पानांवरची भाषा



आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण नातेवाईकांनी लगेच पान मिटू नये. मुद्दा शेवटी तुमच्या-आमच्या घरातल्या वस्तूंचाच आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ज्या यंत्राशी बोलायची भाषा कंपनीने छापून दिलेली असते, ते यंत्र खऱ्या अर्थाने आपले. बाकीची आपण नुसती वापरायला आणलेली..

हे मला शिकवले हॅम रेडिओने. हॅम म्हणजे सरकारी परवाना काढून हौसेखातर बिनतारी संपर्क साधणारे लोक. आमच्या संचाला ट्रान्सीव्हर म्हणतात, कारण तो पाठवतोही आणि ऐकतोही. हा संच केबलने संगणकाला जोडता येतो. मग आपण कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहोत ते संगणकाला कळते, तिथून ती बदलता येते, आणि संपर्कांच्या वहीत ती हाताने लिहावी लागत नाही.

ही जोडणी सिरियल पद्धतीची असते. एकाच तारेवरून एकामागून एक बिट जातात, आगगाडीच्या डब्यांसारखे. त्यामुळे दोन्ही टोकांचे आधीच ठरलेले असावे लागते. वेग किती (याला बॉड रेट म्हणतात), एका गटात बिट किती, तपासणीचा पॅरिटी बिट आहे की नाही, आणि शेवटी स्टॉप बिट किती. माझ्या याएसू एफटी-८१७ चे उत्तर असे: डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट २, आणि वेग मेनूत निवडाल त्याप्रमाणे ४८००, ९६०० किंवा ३८४००. संच ४८०० वर आणि संगणक ९६०० वर असेल तर तार चांगली, ड्रायव्हर चांगला, तरी संच ढिम्म! "जरा सावकाश बोला हो" असे म्हणायची सोय या पद्धतीत नाही.

शिवाय या संचाच्या मागच्या सॉकेटमधले विजेचे दाब जुन्या संगणकांच्या सिरियल पोर्टपेक्षा वेगळे, म्हणून मध्ये बदल करणारी खास केबल लागते. आजच्या संगणकांना तो पोर्टच नसतो, तेव्हा ती यूएसबीची घ्यावी लागते. विंडोजवर एक कार्यक्रम पोर्ट धरून बसला की दुसऱ्याला तो मिळत नाही, हेही नवशिक्यांनी ध्यानात ठेवावे. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

पण हे सगळे जुळले म्हणजे फक्त फोन लागला. पलीकडच्याची भाषा कोणती? इथे प्रत्येक कंपनीची तऱ्हा न्यारी. ७.०७४ मेगाहर्ट्झवर जा, एवढेच सांगायचे आहे असे समजा. केनवूडला इंग्रजी एफ आणि ए ही दोन अक्षरे, पुढे ११ आकडी फ्रिक्वेन्सी आणि शेवटी अर्धविराम पाठवायचा. वाक्य पुरे झाल्याची खूण म्हणून अर्धविराम! मराठीच्या मास्तरला आणखी काय हवे? आयकॉमची रीत पोस्टमनसारखी. प्रत्येक मॉडेलला घरक्रमांक, म्हणजे एकाच तारेवर अनेक संच राहू शकतात. फ्रिक्वेन्सीच्या आकड्यांच्या जोड्या मात्र उलट्या क्रमाने पाठवायच्या. माझ्या याएसूला ५ बाइट लागतात, पहिल्या चारांत फ्रिक्वेन्सी आणि पाचव्यात आज्ञा: ००, ७०, ७४, ००, ०१. यातला शेवटचा ०१ म्हणजे 'इथे जा'.

आता मुख्य गोष्ट. हे सगळे मला कुणा जाणकाराच्या मागे न लागता कळले, कारण संचाबरोबर आलेल्या पुस्तिकेत, शेवटाकडच्या पानांवर, आज्ञांचा तक्ता छापलेला आहे. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेला माणूस, इंग्रजी शब्दकोश जवळ ठेवूनच वाचतो. पण त्या तक्त्याला इंग्रजी फारसे लागत नाही. तो पाढ्यांसारखा आहे.

त्याचे मोल मला काचबिंदूने दाखवले. एफटी-८१७ हा हातात मावेल एवढा संच, त्याचा पडदा तर काड्यापेटीहून लहान. आकडे दिसेनात. नवा मोठा संच निवृत्तिवेतनात बसत नाही. अशा वेळी नातवाने त्या तक्त्यातली ०३ ही आज्ञा घेतली. ती पाठवली की संच आपली फ्रिक्वेन्सी सांगतो. जेमतेम वीस ओळींच्या कार्यक्रमाने आता संगणकावर वीतभर उंचीचे आकडे दिसतात. माझा छंद सुटायचा होता, तो राहिला.

त्याच तक्त्यात ०८ ही आज्ञा आहे: प्रक्षेपण सुरू कर. परवाना माझ्या नावावर, म्हणून हवेत काय जाईल याची जबाबदारीही माझी. नातवाच्या कार्यक्रमात ०८ नाही, हे मी स्वतः वाचून पाहू शकतो. भाषा गुप्त असती तर नुसता विश्वास ठेवावा लागला असता.

काहीजण म्हणतात, "तयार सॉफ्टवेअर असताना तक्ते कशाला वाचायचे?" अहो, ते सॉफ्टवेअर तरी कुठून आले? हॅमलिब नावाचा मुक्त संग्रह २००० सालापासून स्वयंसेवक वाढवत आहेत. दोनशेहून अधिक संचांशी तो बोलतो. पुष्कळसा आधार या छापील तक्त्यांचाच. दुसरे म्हणणे, भाषा उघड केली तर कंपनीचे गुपित फुटेल. मुळीच नाही. आज्ञा कळल्या म्हणून आतले सर्किट कळत नाही. या जपानी कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करत असूनही वर्षानुवर्षे तक्ते छापत आल्या आहेत.

याच्या उलट उदाहरण पाहा. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचे, घरातले दिवे वगैरे चालवणारे उपकरण विकले जाई. मे २०१६ मध्ये कंपनीने आपली सेवा बंद केली आणि लोकांच्या घरातली धडधाकट उपकरणे निरुपयोगी झाली. माझा संच बनवणे कंपनीने बंद केले आहे, तरी तो आजच्या संगणकाशी बोलतो. फरक फक्त त्या पानांचा.

आता आपल्याकडेही पंखे, दिवे, एसी मोबाइलवरून चालू लागले आहेत. दुकानात आपण रंग विचारतो, गॅरंटी विचारतो. त्याबरोबर आणखी एक विचारा: "कंपनीने साथ सोडली तर याच्याशी बोलायचे कसे, ते कुठे लिहिले आहे?" दुकानदार हसेल, हसू दे. दहाजणांनी विचारले की अकराव्याच्या वेळी तो कंपनीला विचारेल.

असो. लेख लांबला. आपापली मते जरूर कळवा. आणि भाचेमंडळींनो, घरातली जुनी माहितीपुस्तके रद्दीत घालण्यापूर्वी त्यांची शेवटची पाने एकदा चाळून बघा.