भीतीने मूल तरत नाही

देवळाच्या तळीकाठी मुलाचा हात घट्ट धरणाऱ्या आईबापांचे भय आम्ही जाणतो. परंतु ‘पाण्याकडे जाऊ नकोस’ या धाकालाच दक्षता म्हणणे आम्हांस मान्य नाही. गोमंतकात तळी, विहीर, व्हाळ पावलोपावली आहेत. मूल कधी तरी तेथे एकटे पोहोचणारच! पूर्वी पाठीला सुका भोपळा बांधून वडीलधारी मंडळीच पोहणे शिकवीत. जागतिक आरोग्य संघटनाही 6 वर्षांवरील मुलांना पोहणे व जलसुरक्षा शिकवा, असेच सांगते. पहिल्या दिवशी मूल रडेल. त्यास पाण्यात ढकलू नये, तसेच शिकवणीही सोडू नये. आधी पायरीवर बसवून पाण्यात श्वास सोडावयास शिकवावे. आणि पोहता आले, तरी मोठ्यांनी त्याच्यावरील नजर काढू नये. हे कर्तव्य टाळून केवळ देवावर भार घालणे, यास आम्ही भक्ती म्हणणार नाही.