पत्रा बदलण्यापूर्वी पॉलिसी वाचा



शहापूर-मुरबाड भागातील आपले कित्येक तरुण कर्ज काढून पिकअप चालवितात. रात्री भाजी भरायची, पहाटे कल्याणच्या बाजार समितीत उतरवायची आणि महिन्याला हप्ता भरायचा, यावर घर चालते. एकीकडे कसारा घाट, दुसरीकडे माळशेजचे धुके. अशा रस्त्यावर गाडी कधीतरी ठोकली जाते. माणूस सुखरूप आहे, म्हणून घरची माणसे हायसे होतात. पण गॅरेजचे बिल आले की दागिना मोडायची भाषा सुरू होते. म्हणून हा हिशेब आधीच समजून घ्या.

पहिली गोष्ट. गाडी गॅरेजात नेली तरी लगेच खोलू देऊ नका. विमा कंपनीला कळवा, फोटो काढा. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत पत्र्याला कुणाचा हात लागता कामा नये. आधी दुरुस्ती आणि मग दावा, असे केले तर दावा अडकतो.

दुसरी गोष्ट पॉलिसीची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पण तो समोरच्याच्या नुकसानीसाठी. आपल्या पत्र्याला त्यातून एक पैसा मिळत नाही. त्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते. त्यातही मालवाहू गाडीचे मडगार्ड, बंपर, हेडलाईट आणि रंग हे सहसा वगळलेले असतात. थोडा जादा हप्ता भरून ‘आय.एम.टी. २३’ हे कलम घेतले, तरच त्यांचा विचार होतो. नेमके हेच भाग आधी फुटतात! एजंटला हे कलम नाव घेऊन विचारा.

तिसरी गोष्ट घसाऱ्याची. लोखंडी भागावर गाडीच्या वयाप्रमाणे कपात होते. पहिले सहा महिने काही नाही, एक वर्षापर्यंत ५ टक्के, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. रबर व प्लॅस्टिकवर सरसकट ५० टक्के. काचेवर कपात नाही.

समजा, साडेतीन वर्षांची गाडी कलंडली. केबिनचे छत १०,००० रुपये, समोरची काच ४,००० आणि काचेचे रबर ६००. बिल १४,६०० चे. कंपनी धरणार छताचे ७,५००, काचेचे ४,००० आणि रबराचे ३००, म्हणजे ११,८००. उरलेले २,८०० आपले. शिवाय पॉलिसीत लिहिलेली सक्तीची वजावट आपल्याच माथी. मजुरी आणि रंगाचा हिशेब वेगळा.

आता गॅरेजकडे वळू. बोनेट, मडगार्ड, दरवाजा हे नटबोल्टवर बसतात, ते बदलणे सोपे. छत आणि खांब वेल्डिंगचे असतात. ते कापून जोडताना काम कच्चे झाले, तर पुढच्या अपघातात केबिन चेपते. तिथे स्वस्ताच्या मागे लागू नका. उलट पत्रा फाटला नसेल, पोचा लहान असेल, तर ठोकून सरळ करणेच परवडते.

काही ठिकाणी बिलात नवा पत्रा आणि गाडीवर लांबी भरलेला जुनाच, असाही प्रकार होतो. लोहचुंबक लावून पाहा. जाड लांबीवर तो नीट धरत नाही. काढलेला भाग डोळ्यांनी पाहा. सुटे भाग, मजुरी आणि रंग यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या.

दावा विनाकारण नाकारला, तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्यात दाद मिळाली नाही, तर विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्याला फी नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहेच.

आज रात्री पेटीतली पॉलिसी बाहेर काढा. ती इंग्रजीत असेल, तर घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींना वाचायला सांगा आणि सर्वांनी मिळून ऐका. ‘आय.एम.टी. २३’ दिसले नाही, तर नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.